ताऱ्याचा डबा

आमच्या घरात लिहिण्याचं काम फार थोडं होतं. बायबलच्या पुढच्या कोऱ्या पानावर कोण जन्मलं आणि कोण प्रभूकडे गेलं एवढं बाबा लिहायचे, तेही शाई वाळेपर्यंत फुंकर घालत. अशा घरातल्या माणसाने म्हातारपणी आपल्या आठवणींवर पानंच्या पानं खर्च करावीत, हे मला स्वतःलाच थोडं आगाऊपणाचं वाटतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून लोकांना वाटतं याला लिहिता येत असेल. मला खात्री नाही. पण डिसेंबर आला की सूनबाई ओव्हनमध्ये केक लावते, घरभर वास सुटतो, आणि दरवर्षी मला तो वास कुठेतरी अपुरा वाटतो. तिला एकदा तसं बोलून बसलो आणि ती बिचारी हिरमुसली. काय कमी आहे ते मला सांगता आलं नाही. ते सांगता यावं, इतक्याचसाठी हे प्रकरण. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आम्ही नाशकात मिशनच्या बैठ्या चाळीत राहत होतो. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा आणि ओट्यासमोर एक बुचाचं झाड. नाताळ आमच्याकडे दिवाळी संपली की लगेच सुरू व्हायचा. रेशनची साखर आई तेव्हापासून वाचवायला लागायची, आणि आमचा सकाळचा चहा हळूहळू फिका होत जायचा. चहा किती फिका झाला यावरून नाताळ किती जवळ आला ते मला कळायचं. मग एके दिवशी बाबा वर्कशॉपमधून येताना कामट्या आणायचे. ते मोटारींच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते, हात काळे आणि जाड, पण त्याच हातांनी ते पतंगाच्या कागदाचा असा तारा करायचे की आत बल्ब लावल्यावर कागदाची एक सुरकुती दिसायची नाही. तारा बुचाच्या झाडावर चढायचा. थंडीत गोदावरीकडून धुकं वर यायचं तेव्हा झाड दिसेनासं व्हायचं आणि लाल तारा तेवढा अधांतरी राहायचा. मी ओट्यावर गोधडी पांघरून तो बघत बसायचो. घरात चाळणीने मैदा चाळल्याचा आवाज, शेजारी शांतवनकाकांकडे पेटीवर नाताळच्या गीतांची तालीम, आणि मधेच कुणाच्या तरी घरी करंजी तेलात सोडल्याची चुर्र. हे सगळे आवाज धुक्यातून मऊ होऊन यायचे. आजही डोळे मिटले की मला ते त्याच क्रमाने ऐकू येतात.

फराळ आमचा दिवाळीसारखाच. करंज्या, चकल्या, शंकरपाळी. केक मात्र फक्त नाताळचा. चाळीत कुणाकडेही केक भाजायची सोय नव्हती. म्हणून केक घरी कालवायचा आणि भाजायला बेकरीत द्यायचा. आई पितळी पातेल्यात अंडी आणि साखर रवीने घुसळत बसायची. दुपारभर घुसळायची, हात दुखला की मला द्यायची, माझा दुखला की बाबांना. बाबा सगळ्यात जास्त वेळ घुसळायचे आणि घुसळताना गायचे. मग डब्याला तूप चोळून, कागद घालून, मिश्रण ओतून, वर ओलं फडकं बांधून तो डबा मी दोन्ही हातांत धरून द्वारका चौकाच्या रस्त्याला हनीफचाचांच्या बेकरीत न्यायचो. पावांची भट्टी दुपारी निवायला लागली की चाचा आमच्या लोकांचे केक आत सारायचे. नाताळच्या आधी दोन-तीन दिवस तिथे डब्यांची अशी रांग लागायची की चाचा वैतागून जायचे.

वैतागायला कारण होतं. डबे ओळखता यावेत म्हणून प्रत्येकाने आपल्या डब्याच्या काठावर खिळ्याने खूण ठोकलेली असायची, आणि जवळजवळ प्रत्येकाची खूण क्रूस. चाचा म्हणायचे, "सगळेच क्रॉस मारता. मग मी कुणाचा कुणाला देऊ? मला काय वरून आवाज येतो?" आमच्या डब्यावर क्रूस नव्हता, तारा होता. माझे आजोबा पत्र्याचं काम करायचे. तुपाच्या एका मोठ्या डब्यातून त्यांनी केकचे दोन डबे कापले होते, अगदी एकसारखे, आणि दोन्हींवर खिळ्याच्या टोकाने पाच टोकांचा तारा टोचला होता. एक बाबांच्या संसाराला आणि एक माझ्या आत्याच्या.

या आत्याबद्दल आमच्या घरात बोलायचं नसे. रूथ तिचं नाव. आजी-आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबांनीच तिला वाढवलं, नर्सिंगला घातलं. ती नर्स झाली त्या दिवशी बाबांनी सगळ्या चाळीला पेढे वाटले होते म्हणे. मग मी अगदी लहान असताना तिने सायखेड्याच्या वामनराव नावाच्या शिक्षकांशी रजिस्टर लग्न केलं. ते बौद्ध. लग्न झाल्यावर तिने घरी कळवलं. ती आली, ओट्यावर उभी राहिली आणि बाबा आतून बाहेर आले नाहीत. चाळीत सगळे म्हणायचे, धर्माबाहेर गेली म्हणून भाऊंना, म्हणजे बाबांना, राग आला. मलाही पुष्कळ वर्षं तसंच वाटायचं. खूप पुढे, बाबा थकले होते तेव्हा, मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, तो माणूस चांगला होता रे, पण मला आधी विचारायला नको होतं का तिने. एवढंच म्हणाले. इतकी वर्षं एवढ्याशा गोष्टीवर कशी काढली हे मला तेव्हा कळलं नाही. आता स्वतः बाप झाल्यावर थोडं कळतं.

आत्या घरातून गेली त्याच सुमारास फळीवरचा दुसरा डबाही गेला. तो तिला कुणी पोचवला हे आईने सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

मी अकरावीत होतो त्या वर्षीची गोष्ट. नेहमीप्रमाणे डबा बेकरीत दिला आणि दुसऱ्या दिवशी आणायला गेलो. चाचांनी भट्टीच्या कट्ट्यावरून ताऱ्याचा डबा उचलला आणि म्हणाले, "घे बेटा, तुझा सितारा." कागदाखालून गरम वाफ येत होती. मी तो छातीशी धरून घरी आणला. डबा नाताळपर्यंत उघडायचा नाही असा आमच्याकडे नियम होता. नाताळच्या सकाळी उपासनेहून आल्यावर, नव्या कपड्यांत, सगळे जमिनीवर बसायचो, बाबा प्रार्थना करायचे आणि मग सुरी लावायचे. त्या वर्षीही तसंच झालं. बाबांनी पहिला तुकडा आईला दिला, मग मला, मग स्वतः घेतला. मला चव वेगळी लागली, पण वाईट नाही. सुंठ होती, खजूर होता, जळक्या साखरेचा कडवटसर गोडवा होता. आमच्या आईच्या केकला वेलदोडे असायचे. मी बाबांकडे बघितलं तर ते चावायचे थांबले होते.

"हा आपला डबा नाही," ते म्हणाले.

आई म्हणाली, "आपलाच आहे. काठावर तारा बघा ना."

"तारा दोन डब्यांवर होता."

बाहेर शांतवनकाकांच्या पोरांनी टिकल्या फोडायला सुरुवात केली होती. बाबांनी तो घास हळूहळू चावून संपवला. माझ्या आजीचा केक असाच असायचा, सुंठेचा, हे मला आईने नंतर सांगितलं. आजी गेल्यापासून बाबांनी तो खाल्ला नव्हता. त्यांनी उरलेल्या केकवर फडकं टाकलं आणि ओट्यावर जाऊन बसले. दुपारी मला म्हणाले, चाचांना विचारून ये, आपला डबा कुणी नेला.

चाचांना वाईट वाटलं. म्हणाले, सितारा बघितला आणि दोन्ही तुमचेच समजलो. दुसरा डबा एक नर्सबाई घेऊन गेल्या, नवीनच आल्यात इकडे, द्वारकेच्या पुढे कॉलनीत राहतात. मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी ऐकलं आणि म्हणाले, डबा परत द्यायला पाहिजे. आई म्हणाली, रिकामा कसा द्यायचा? आमच्याकडे, आणि मला वाटतं सगळ्यांकडेच, शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर घालतील, दोन मिरच्या घालतील, पण रिकामं नाही. आईने डबा घासला आणि करंज्यांनी भरला. बाबा बघत होते. ते उठले आणि त्यांनी वर मूठभर चकल्या ठेवल्या. ते कशाला, असं आईने विचारलं नाही; पुढे मला कळलं, आत्याला करंजीपेक्षा चकली आवडायची.

मी गेलो. दारात एक लहान मुलगी उभी होती आणि तिच्यामागून आत्या आली. मी तिला ओळखत नव्हतो, तिने मात्र मला एका नजरेत ओळखलं. आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे, आणि म्हणाली, कपाळ दादाचं आहे. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखालच्या टेबलावर आमचा डबा, अर्धा केक अजून त्यात. वामनराव खुर्चीतून उठून उभे राहिले, जसं काही मी कुणी मोठा माणूस आलो होतो. आत्याने करंज्या ताटात काढल्या, चकल्या वेगळ्या वाटीत ठेवल्या आणि वाटीकडे जरा वेळ बघत राहिली. मग हसून म्हणाली, "वहिनीला सांग, केक पोचला. पण केक आहे की वेलदोड्याची बाग?" निघताना तिने तोच डबा रव्याच्या लाडवांनी भरून माझ्या हातात दिला. रिकामा कसा देऊ, म्हणाली.

मी निरोप घरी सांगितला. आई म्हणाली, "तिला म्हणावं, सुंठ घातली की केक नाही, काढा होतो." बाबा वर्तमानपत्रामागे होते, पण वर्तमानपत्र हललं.

अशी त्या डब्याची ये-जा सुरू झाली. एक डबा आत्याकडे राहिला आणि दुसरा फिरत राहिला. कुठला कुणाचा हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. आमच्याकडून संक्रांतीच्या वड्या, तिकडून हरभऱ्याचा सोलाणा. आमच्याकडून कुरडया, तिकडून वामनरावांच्या सायखेड्याच्या मळ्यातली हिरवी वांगी. आमच्याकडून पिंपळगावची द्राक्षं, ती बाबा स्वतः निवडायचे, एकेक मणी देठापासून बघत. भरलेला आला की भरून द्यायचा, त्यामुळे हा व्यवहार कधी संपतच नव्हता. आई आणि आत्या एकमेकींना टोमणे पाठवायच्या आणि ते सायकलवरून मी न्यायचो. पण बाबा तिकडे गेले नाहीत आणि ये असंही म्हणाले नाहीत. आत्याही आली नाही. ती एकदा मला म्हणाली, "मी एकदा ओट्यावर उभी राहिले होते. आता त्याने बोलावल्याशिवाय ती पायरी चढणार नाही." मी हे घरी सांगितलं नाही. तेवढा एक निरोप मी पोचवला नाही, कारण तो माझ्याकडे निरोप म्हणून दिला नव्हता.

पुढच्या नाताळला दोन्ही घरांतून केकचे तुकडे एकाच डब्यातून गेले-आले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात मला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. चाळीतल्या लोकांना कोण आनंद झाला. आत्याने प्रवासाला म्हणून डबाभर मेथीचे लाडू पाठवले. ते मी पिशवीत भरून घेतले आणि डबा फळीवर राहिला. निघायच्या सकाळी आई फळीकडे बघून म्हणाली, आता हा कोण नेणार? बाबा माझ्या ट्रंकेला दोरी आवळत होते. म्हणाले, बघू.

पुण्यात मी बावरलेला होतो. वर्गातली मुलं इंग्रजीत प्रश्न विचारायची आणि मी वहीत मान घालून बसायचो. होस्टेलच्या खाटेवर पडलो की मला अभ्यासाची काळजी वाटायची आणि त्या डब्याचीही. खरं सांगायचं तर डब्याची जास्त. फळीवर तो रिकामा पडला असेल, आत्या वाट बघत असेल आणि तिला वाटेल, पुन्हा दार बंद झालं. मी घरी पत्र लिहायचो तेव्हा शेवटी विचारायचो, डबा गेला का. बाबांचं कार्ड यायचं, इकडील सर्व खुशाल, अभ्यास कर, प्रकृती जप. डब्याचं नाव नाही. दिवाळीत घरी गेलो तर तो फळीवर तसाच, घासून पुसून ठेवलेला. मी म्हणालो, मी देऊन येतो. बाबा म्हणाले, राहू दे. आईने मला डोळ्यांनी गप्प केलं. तसाच मी पुण्याला परत आलो.

आणि डिसेंबरात मला कावीळ झाली. डॉक्टरांनी प्रवास बंद केला. तेल नाही, तूप नाही, तळलेलं नाही. उसाचा रस आणि फुटाणे. नाताळच्या सुट्टीत होस्टेल रिकामं झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी नाताळला घरी नव्हतो. भिंती, चादर, खिडकीतलं ऊन, सगळं पिवळं दिसायचं. तापाच्या गुंगीत मला चाळणीचा आवाज ऐकू यायचा, रवीचा यायचा, बुचाच्या झाडावर धुकं उतरायचं आणि त्यात तारा लागायचा. मी त्या ताऱ्याकडे बघत असायचो आणि जाग आली की तो खिडकीवरचा सूर्य असायचा. नाताळच्या सकाळी दूर कुठल्यातरी चर्चची घंटा वाजली. मी उठून बसलो आणि बाबा करायचे ती प्रार्थना मनातल्या मनात म्हटली. मधला एक भाग आठवेना, म्हणून तो सोडून पुढे गेलो.

नाताळ होऊन गेल्यावर एका दुपारी शांतवनकाका दारात उभे राहिले. ते पिंपळगावहून पुण्याच्या बाजारात कांद्याचा टेम्पो घेऊन यायचे. मूळचे खेड्यातले, बोलणं शेवटपर्यंत तसंच राहिलं. "सलाम बाबा," म्हणाले. "लय पिवळा झालास रे. हळद लागल्यावानी दिसतोस, नवरी कुठंय?" आणि त्यांनी खाटेवर एक गाठोडं ठेवलं. सगळ्या गाठोड्याला कांद्याचा वास येत होता. गाठ सोडली तर आत ताऱ्याचा डबा. झाकण म्हणून आईने एक ताटली बांधली होती. ताटली काढली आणि कांद्याच्या वासातून दोन वास वर आले, एक वेलदोड्याचा आणि एक सुंठेचा. डब्यात अर्ध्यात एक केक होता आणि अर्ध्यात दुसरा. मला त्यातला एक कणही खायची परवानगी नव्हती. मी डबा मांडीवर घेतला आणि नुसता वास घेत बसलो. तो वास मी पुन्हा कधी घेतला नाही, म्हणजे तसा नाही. सूनबाईला मी हेच सांगू शकलो नव्हतो.

मग मी काकांना विचारलं, आत्याकडे डबा कुणी नेला.

काका खाली बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, नाताळाच्या आधल्या दिशी मी टेम्पो घेऊन द्वारकेकडं निघालो, तर तुझा बाप रस्त्यानं चाललेला, अंगात नवा सदरा. म्हटलं, भाऊ, बसा. पुढं माझ्याशेजारी बसला. मांडीवर डबा. मी वाकून बघितलं तर आत काय बी नाय.

"मी म्हटलं, भाऊ, रिकामा डबा? बहिणीच्या घरी? वहिनीनं भरून दिला नाय का? तर म्हणाला, ती भरत होती, मीच नको म्हटलं."

"मग?"

"मग काय. कॉलनीत सोडला, आन मी पण थांबलो, म्हटलं बघावं तरी. रूथ दारात आली. ह्यानं डबा पुढं केला. तिनं आत बघितलं, रिकामा. तिचा चेहराच उतरला बघ. तवा तुझा बाप म्हणाला, पोरगं पुण्याला गेलं, आता ने-आण करायला कुणी नाय. दोन्ही डबे घेऊन घरी चल. काय भरायचं ते तिथं येऊन भर."

काकांनी टोपी झटकली आणि डोक्यावर ठेवली.

"आली का?" मी विचारलं.

"आली म्हणजे? माझ्याच टेम्पोतनं आली. ते मास्तर आन पोरगी मागं कांद्याच्या गोण्यांवर बसले. अजून तिथंच हायती सगळे. तुझ्या खाटेवर निजती ती पोरगी. तुझा बाप म्हणाला, त्याला एवढं सांग, पत्रात डबा गेला का म्हणून इचारत होता ना, फळी रिकामी हाय."